तळ्यांत औषध घालण्यापूर्वीं

शेततळ्यांत मासे पाळणें ही गोष्ट आतां आपल्या शेतकरीवर्गास नवलाची राहिलेली नाहीं. २०१६ सालीं राज्य सरकारनें 'मागेल त्याला शेततळे' ही योजना काढल्यानंतर जिरायत मुलखांतही पुष्कळ तळीं झालीं. आणि ज्या तळ्यांत आठ-दहा महिने पाणी टिकतें, त्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडून चार पैसे मिळवावे, अशी इच्छा होणें स्वाभाविकच आहे. बीज कोठून आणावें, खाद्य किती द्यावें, चुना केव्हां टाकावा, यांविषयीं आजवर बरेंच लिहिलें व बोललें गेलें आहे. परंतु मासे आजारी पडले असतां त्यांस कोणतें औषध द्यावें हें कोणीं आणि कशावरून ठरवावें, या प्रश्नाकडे मात्र आमच्या समजुतीप्रमाणें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. सध्यां हें ठरवितो तो बहुधा औषधाचा दुकानदार किंवा शेजारच्या तळ्याचा मालक. आणि त्याचा आधार म्हणजे मागील खेपेस काय चाललें याची आठवण. ही रीति मोडली पाहिजे. जंतूंची परीक्षा झाल्यावांचून प्रतिजैविक औषध तळ्यांत जातां कामा नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

परीक्षेची कल्पना आपणांस अपरिचित आहे असें नाहीं. गाईच्या कासेस वारंवार सूज येऊं लागली व दोन औषधांनीं गुण आला नाहीं, तर जाणता पशुवैद्य तिसरें औषध टोंचण्यापूर्वीं दुधाचा नमुना तपासावयास पाठवितो. खताची मात्रा ठरविण्यापूर्वीं माती तपासून घ्यावी, हें तर आतां घरोघर ठाऊक आहे. माशाचें मात्र निराळें पडतें. जनावर दावणीला डोळ्यांसमोर असतें, तें चारा टाकतें तें दिसतें. मासा पाण्याखालीं असतो, आणि तो आजारी आहे हें कळतें तें बहुधा सकाळीं पांढरीं पोटें वर आलेलीं दिसल्यावर. मग घाबरगुंडी उडते, आणि घाबरलेल्या माणसास विकावयास सर्वांत सोपी वस्तु म्हणजे औषधाची पुडी.

आधीं मासे मरतात ते कशानें, हेंच पाहूं. ढगाळ दिवस लागोपाठ गेले व पाणी हिरवेंगार असलें, म्हणजे पहांटे पाण्यांतील प्राणवायु संपतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासतात. हा रोगच नव्हे, व यास औषध नाहीं, पाणी हलविणें किंवा ताजें पाणी घेणें हाच उपाय. अंगावर नखाएवढ्या चपट्या उवा चिकटल्या असल्या, तर तो परोपजीवी किड्यांचा उपद्रव. त्यावर जंतूंचें औषध सर्वस्वी निरुपयोगी. अंगावर लाल चट्टे पडून पुढें खोल जखमा होतात असा जो व्रणरोग १९८८ सालीं ईशान्य भारतांत शिरला व थोड्याच वर्षांत देशभर पसरला, त्याचें मूळ 'अफॅनोमायसीस' नांवाच्या बुरशीसारख्या जीवांत आहे. प्रतिजैविक औषधानें तो मरत नाहीं. जखमेंत मागाहून जंतु शिरतात हें खरें, पण ते चोरामागून घरांत शिरलेले कुत्रे होत. विषाणूंच्या रोगांवर तर जंतुनाशक औषध चालतच नाहीं. उरले ते खरे जंतुरोग: पोट फुगून खवले उभे राहणें, परांच्या बुडाशीं रक्त साकळणें, कल्ले सडणें इत्यादि. यांतही एकच जंतु नसतो. एअरोमोनास, एडवर्डसिएला, फ्लेवोबॅक्टेरियम, तिलापियांत स्ट्रेप्टोकॉकस, असे अनेक असून एकास मारणारें औषध दुसऱ्यास मारीलच असें नाहीं. तेव्हां पुडी फोडणारा मनुष्य किती प्रश्नांचीं उत्तरें न विचारतांच गृहीत धरीत असतो, हें उघड आहे.

आतां परीक्षा होते कशी, तें थोडक्यांत सांगतों. मरणाच्या पंथाला लागलेल्या, परंतु अद्याप जिवंत अशा माशाचें पोट स्वच्छ हत्यारानें उघडून मूत्रपिंडांतून नमुना घेतात व कांचेच्या थाळींतील पोषक थरावर पसरतात. जखमेवरून घेतलेला नमुना बहुतेक वेळां फसवितो, कारण पाण्यांत राहणारा कोणताही जंतु तेथें येऊन बसलेला असतो. वाढलेल्या जंतूंपैकीं एकच जात वेगळी काढून, तिचें ठराविक दाटपणाचें द्रावण करून, तें दुसऱ्या थाळीवर सारखें माखतात. आणि वर निरनिराळ्या औषधांत भिजवून वाळविलेल्या कागदी टिकल्या ठेवितात. थाळी ठराविक उष्णतेंत ठराविक तास ठेविली म्हणजे जंतूंचा दाट थर वाढतो. पण जें औषध लागू पडतें त्याच्या टिकलीभोंवतीं वर्तुळाकार जागा स्वच्छ राहते. त्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरांत मोजावयाचा. दुसरी रीति अशी कीं, औषधाचें प्रमाण निम्मेंनिम्में करीत ओळीनें नळ्या भरावयाच्या, प्रत्येकींत जंतु सोडावयाचे, आणि ज्या सर्वांत कमी प्रमाणांत जंतु वाढत नाहींत तें प्रमाण लिहून घ्यावयाचें. दोन्ही रीति इस्पितळांत मनुष्यांच्या रोगजंतूंसाठीं चालतात त्याच आहेत. टिकल्यांच्या पद्धतीस नीट प्रमाणबद्ध रूप १९६६ सालीं अमेरिकेंत बाउअर, कर्बी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दिलें.

येथपर्यंत सर्व सोपें वाटतें. परंतु खरी मेख पुढेंच आहे, आणि तिच्याविषयीं वाचकांनीं सावध असावें म्हणूनच हा लेख लिहिण्याचें आम्हीं मनावर घेतलें. इस्पितळांतील परीक्षा ३५ अंश सेंटिग्रेडच्या आसपास होते, कारण मनुष्याचें शरीर उष्ण असतें. मासा थंड रक्ताचा. ज्या पाण्यांत तो राहतो त्या पाण्याचीच उष्णता त्याची. त्याला आजारी पाडणारे कित्येक जंतु ३५ अंशांवर नीट वाढतच नाहींत, आणि कांहीं मुळींच वाढत नाहींत. म्हणून माशांच्या जंतूंची परीक्षा २२ किंवा २८ अंशांवर करावयाची असते. २८ अंशांवर चोवीस ते अठ्ठावीस तास व २२ अंशांवर जरूर तर चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस तास, असें ठरलेलें आहे. थाळींतील थरही सर्वांस एकच चालत नाहीं. कल्ले सडविणारा फ्लेवोबॅक्टेरियम नेहमींच्या थरावर वाढत नाहीं, त्यास पातळ केलेला थर लागतो; स्ट्रेप्टोकॉकसास मेंढीचें रक्त घालावें लागतें; समुद्राच्या पाण्यांतील कित्येक जंतूंस मीठ लागतें. या बाबतींत सर्व देशांत एकवाक्यता असावी म्हणून ऑल्डरमन व स्मिथ या दोघांनीं २००१ सालीं पद्धतीचा मसुदा मांडला, आणि २००६ सालीं अमेरिकेंतील प्रयोगशाळा-मानक संस्थेनें टिकल्यांची व द्रावणाची अशा दोन्ही पद्धतींचे नियम प्रसिद्ध केले. पुढें त्यांत सुधारणाही झाल्या आहेत. परीक्षा बरोबर झाली कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ज्याचें वर्तुळ किती यावें हें आधींच ठाऊक आहे असा प्रमाण-जंतु प्रत्येक वेळीं सोबत तपासावा, हा त्यांतील मुख्य नियम होय. तराजू वापरण्यापूर्वीं पारडीं रिकामीं ठेवून कांटा पाहतात, तसेंच हें.

उष्णता बदलली कीं वर्तुळाचा आकार बदलतो. तोच जंतु, तेंच औषध, पण २२ अंशांवर एक माप येतें व ३५ अंशांवर दुसरें. आतां एखाद्या प्रयोगशाळेनें माशाच्या जंतूची थाळी २८ अंशांवर ठेविली आणि निकाल मात्र मनुष्यांच्या रोगांच्या कोष्टकावरून लावला, तर त्या निकालास अर्थ किती? त्या कोष्टकांतील आंकडे मनुष्याच्या रक्तांत औषध किती चढतें यावरून ठरविलेले असतात. रोहूच्या रक्ताशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. हें कोणी हेतुपुरस्सर करितो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. माशांच्या अगदीं थोड्या जंतूंपुरतेच आणि थोड्या औषधांपुरतेच असे निकाल आजवर ठरले आहेत, बाकींच्यांचे ठरलेलेच नाहींत, ही शास्त्राची सध्यांची स्थिति आहे. म्हणून हाताशीं असलेलें कोष्टक वापरण्याचा मोह होतो. यावर शास्त्रज्ञांनीं एक दुसरी वाट काढली आहे. त्याच जातीचे, औषधाची संवय न लागलेले शेंकडों जंतु तपासून त्यांचीं वर्तुळें साधारण केवढीं येतात तें ठरवावयाचें. आणि आपल्या तळ्यांतील जंतूचें वर्तुळ त्याहून लहान आलें, तर त्यानें प्रतिकाराची कांहीं विद्या संपादन केली आहे असें समजावयाचें. या मापानें औषध रोग बरा करीलच अशी हमी मिळत नाहीं; पण कोणतें औषध व्यर्थ जाण्याचा संभव आहे तें बरेंच कळतें, आणि शेतकऱ्याचा निम्मा तोटा तेवढ्यानें वांचतो.

म्हणून सभासदांस आमची विनंती अशी कीं, अहवालांत औषधाच्या नांवापुढें 'लागू' किंवा 'नालागू' एवढाच शेरा असेल तर तो घेऊन समाधान मानूं नये. जंतूची जात कोणती, थाळी किती अंशांवर व किती तास ठेविली, वर्तुळ किती मिलिमीटर आलें, आणि प्रमाण-जंतु सोबत होता काय, या गोष्टी लिहून मागाव्या. उदाहरणार्थ, एअरोमोनास हायड्रोफिलास अँपिसिलीन मानवत नाहीं हा त्याचा जन्मजात गुण आहे. अहवालांत तेवढीच एक ओळ ठळक लिहिलेली असली तर आपणांस नवें कांहींच कळलें नाहीं, असें समजावें.

जंतु औषधास दाद देईनासे होतात, ही कांहीं आज उद्भवलेली गोष्ट नव्हे. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या फ्लेमिंगनें १९४५ सालीं नोबेल पारितोषिक घेतांनाच, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट औषधास सरावतात, असा इशारा दिला होता. माशांच्या बाबतींत अमेरिकेंतील ट्राउट माशांच्या फोडरोगावर १९४० नंतरच्या दशकांत सल्फा औषधें वापरण्यास प्रारंभ झाला, आणि १९५७ सालीं त्या औषधांस न जुमानणाऱ्या जंतूंची नोंदही झाली. १९७१ सालीं जपानांत आओकी, वातानाबे प्रभृतींनीं याहून चिंताजनक गोष्ट दाखविली: माशांच्या जंतूंतील ही प्रतिकारशक्ति एका जंतूकडून दुसऱ्याकडे, निराळ्या जातीच्या जंतूकडेही, आयती दिली जाऊं शकते. म्हणजे तळ्यांत शिकलेली विद्या तळ्यांतच राहील असा भरंवसा नाहीं.

नॉर्वे देशाचें उदाहरण पुष्कळदां देण्यांत येतें, आणि तें देण्याजोगें आहेही. १९८७ सालीं तेथें सुमारें ५० हजार टन मासळीच्या उत्पन्नासाठीं जवळजवळ ५० टन प्रतिजैविकें खर्च झालीं. पुढें चांगल्या लसी आल्या, आणि आज १० लाख टनांहून कितीतरी अधिक उत्पन्नास एक टनही औषध लागत नाहीं. हा चमत्कार लसीचा, परीक्षेचा नव्हे, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. याउलट चिली देशांत तोच सॅल्मन मासा पाळतात, आणि तेथें अलीकडेही दरसाल ३०० टनांच्या वर औषध खपलें आहे. कारण तेथील मुख्य रोगाचा जंतु माशाच्या पेशींत लपून राहतो, त्यावरील लसी पुरतें काम देत नाहींत, आणि त्यास थाळीवर वाढविणेंही कठीण. जेथें जंतूची परीक्षा दुर्घट तेथें औषधाचा खर्च अवाढव्य, हा योगायोग आम्हांस विचार करण्यासारखा वाटतो.

तळ्यांत घातलेल्या औषधाचें होतें काय, याचाही हिशेब मांडून पाहूं. औषध खाद्यांत मिसळून द्यावयाचें. पण आजारी माशाचें पहिलें लक्षण म्हणजे तो खाणें सोडतो. तेव्हां औषध जातें तें धडधाकट माशांच्या पोटांत. ऑक्सिटेट्रासायक्लीन हें नेहमींचें औषध घेतलें, तर माशाच्या आंतड्यांतून तें थोडेंच शोषलें जातें. बरेंचसें विष्ठेवाटे गाळांत पडतें. आपल्या काळ्या जमिनींतील विहिरींचें पाणी बहुधा जड. त्यांतील चुना व मॅग्नेशियम या औषधास धरून ठेवितात आणि त्याचें बळ कमी होतें. म्हणजे थाळीवर औषध लागू पडलें तरी तळ्यांत तें पडेलच असें नाहीं, हें एक. आणि गाळांतील जंतूंस दीर्घकाळ सौम्य मात्रा मिळून त्यांची तालीम होत राहते, हें दुसरें. तोच गाळ उन्हाळ्यांत आपण शेतांत ओढतों, तेंच पाणी भाजीपाल्यास देतों, त्याच कांठावर गुरें पाणी पितात. जे लोक तळ्यावर कोंबड्यांचें खुराडें बांधून विष्ठा थेट पाण्यांत पाडतात, त्यांच्या तळ्यांत तर कोंबड्यांस दिलेलें औषध व कोंबड्यांचे सरावलेले जंतु, दोन्हीही विनामूल्य पोंचतात.

सरकारनें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. २०१९ सालीं कोलिस्टीन या औषधावर, आणि २०२५ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान वर्गांतील औषधांवर, अन्नासाठीं पाळलेल्या प्राण्यांपुरती बंदी झाली. २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर देखरेख करणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालूं आहे, आणि मासे व जनावरें यांतील जंतूंच्या प्रतिकारशक्तीची नोंद ठेवणारें प्रयोगशाळांचें जाळेंही भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें उभारलें आहे. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु देखरेख म्हणजे राष्ट्राचा पंचनामा. आज ज्याचे मासे मरत आहेत त्या शेतकऱ्याच्या प्रश्नास तिनें उत्तर मिळत नाहीं. मुंबईस वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, नागपूर, उदगीर व रत्नागिरीजवळ शिरगांव येथें मत्स्य महाविद्यालयें आहेत. पण सांगोल्याच्या किंवा सिन्नरच्या तळेवाल्यानें मरणोन्मुख मासा घेऊन तेथवर जावें कसें?

यावर आक्षेप येतो कीं, परीक्षेस तीन-चार दिवस लागतात, आणि मासे तर दोन दिवसांत मरतात. मग परीक्षा काय कामाची? आक्षेप खरा आहे, व त्यास उडवून लावणें योग्य नव्हे. ज्या दिवशीं नमुना पाठविला त्या दिवशीं अहवालावांचूनच वागावें लागणार. पण त्या दिवसांत करण्यासारखें पुष्कळ असतें: खाद्य बंद करणें, मेलेले मासे काढून पुरणें, पाणी बदलणें व हलविणें, चुना देणें, जाळें फिरविण्याचा त्रास माशांस न देणें. कित्येकदां एवढ्यानेंच मर थांबते. आणि औषध द्यावयाचेंच झालें, तर पहिला अंदाज तरी कशावर बांधावा? येथेंच जुन्या अहवालांचा उपयोग आहे. एका तालुक्यांतील वीस तळ्यांचे दोन वर्षांचे अहवाल एका वहींत असले, तर एकविसाव्या तळ्यावर रोग आला असतां मत्स्यतज्ज्ञास अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं. एकट्या शेतकऱ्यास परीक्षा महाग व उशिराची वाटते ती याच कारणानें, कीं तिचें फळ त्याच्या एकट्याच्या पदरीं पडत नाहीं. नेमकें असलें काम करण्यासाठींच आपल्यासारख्या संस्था असतात. खत-बियाणें एकत्र खरेदी करण्यांत आपण शहाणपणा दाखविला; नमुने एकत्र पाठविण्यांत व अहवालांची वही ठेवण्यांत तो कां दाखवूं नये? औषधें सवलतीनें मिळवून द्यावीं अशी मागणी कांहीं ठिकाणीं ऐकूं येते. आमच्या मतें संस्थेचा पैसा त्यापूर्वीं नमुन्यांच्या वाहतुकीस लागला पाहिजे.

ज्यांस यंदाच नमुना पाठवावयाचा असेल त्यांच्या सोयीसाठीं इतकें लिहितों. औषध देण्याच्या आधींचा नमुना हवा. औषधानंतर पाठविलेल्या माशांत कित्येकदां जंतु सांपडतच नाहींत. मेलेला, फुगलेला मासा पाठवूं नये. लक्षणें दिसणारे पण जिवंत असे चार-पांच मासे तळ्याच्याच पाण्यांत, प्राणवायु भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवींतून न्यावे, आणि तळ्याच्या पाण्याची बाटली वेगळी न्यावी. जिवंत नेणें शक्यच नसेल तर नुकताच मेलेला मासा पिशवींत बांधून बर्फावर ठेवावा, पण गोठवूं नये. सोबत चिठ्ठींत बीज सोडल्याची तारीख, माशांची संख्या, पाण्याची सकाळची उष्णता, खाद्य कोणतें, मर केव्हांपासून, आणि पूर्वीं कोणतीं औषधें दिलीं तीं नांवें लिहावीं. पुडीवरील नांव वाचतां येत नसेल तर रिकामी पुडीच जोडावी. प्रयोगशाळेस आधीं फोन करून नमुना आठवड्याच्या पहिल्या तीन दिवसांत सकाळीं पोंचेल असें पाहावें. शनिवारीं गेलेला मासा सोमवारीं उघडला गेला, तर थाळीवर उगवतें तें माशाच्या कुजण्याचें पीक.